मामूंच्या सासवा-सुना

तयार मिळणाऱ्या वस्तूवर आमच्या मामूंइतका अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या आखातात दुसरा सापडायचा नाही. मामू म्हणजे दम्मामच्या कामगार कॅम्पात माझ्या वरच्या बंकवर झोपणारे, मूळ दापोलीकडचे, आमच्या वर्कशॉपातले कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ. नात्याने माझे कोणी नव्हेत. पण मी त्यांना मामू म्हणायचो आणि ते मला भाच्या. दुकानात मसाल्याची पाकिटं ढिगाने मिळत असताना हे सुट्टीवरून येताना अख्खे धणे, अख्ख्या मिरच्या आणायचे आणि खोलीत कुटत बसायचे. कॉम्प्युटरचंही तेच. बाकीचं जग बटण दाबून तयार प्रोग्राम चढवतं. मामूंच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स, आणि त्यावर मात्र प्रत्येक प्रोग्रामचा कच्चा कोड आणायचा आणि घरीच कुटायचा. कुटण्याचं हे काम करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात, एवढं मला, नववीत शाळा सोडलेल्याला, त्यांनीच शिकवलं.

एका कंपायलरवर भागलं असतं. पण नवा आला म्हणून जुना काढायचा नाही, हा मामूंचा नियम. सगळ्यात नवीन ती सूनबाई, तिच्या आधीची सासूबाई, आणि पार जुनाट ती आजेसासू. नवी सून आणायची तर आधी सासूने तिला घडवायचं, मग सुनेनं स्वतःला पुन्हा स्वतःच घडवायचं, आणि हे उरकेपर्यंत खोलीतला त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा गिरणीसारखा घोंघावायचा. एसीची हवा डब्याला, घाम आम्हाला. अशा वेळी कोणी चहाची किटली लावली की मेन स्विच पडायचा, आणि मामू वरून असे बघायचे, जणू त्या माणसाने ऐन निकाहात मांडव पाडला. आमचा चिपळूणचा वेल्डर एकदा वैतागून म्हणाला, "मामू, त्या म्हातारीला खलास करा की आता. नुसती जागा अडवून बसलीय."

"घरी फोन लाव आणि तुझ्या आजीला सांग हेच," मामू म्हणाले. पुढे कितीतरी दिवस वेल्डर किटलीसुद्धा परवानगी काढून लावायचा.

कामावर निघताना मी विचारायचो, "मामू, आज घरच्या किल्ल्या कोणाकडे?" म्हणजे तिघींपैकी आज कुटायला कोण बसलीय. मामूंची कळी खुलायची. "सूनबाईकडे. पण सासू ओट्याजवळच उभी आहे हां."

माझं पोट त्या आजेसासूच्या हातात आहे, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. मी लोखंडाच्या प्लेटी कापायच्या मशीनवर होतो. हेल्परचा ऑपरेटर झालो तो मामूंच्या कृपेने. मशीन चालवणारा प्रोग्राम जुना होता, आणि त्याची बटणं त्यांनी माझ्यासाठी मराठीत करून दिली होती: 'पेटव', 'काप', 'थांब रे'. एका उन्हाळ्यात धुळीने मशीनचा कॉम्प्युटर गेला. नवा आला, मामूंनी त्यावर आपलं लिनक्स चढवलं, आणि सूनबाईंनी तो जुना प्रोग्राम कुटायला साफ नकार दिला. पडदाभर नुसत्या चुका.

आमचा मल्याळी फोरमन माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "देखो, शनिवार तक नहीं चला तो कंपनी नया प्रोग्राम लाएगी, और आदमी भी उन्हीं का. फिर तेरा इकामा मैं किस काम पे रिन्यू करवाऊँ?" इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना; तो गेला की घरचं तिकीट. मी ऑपरेटर झाल्याचे पेढे घरी वाटूनही झाले होते.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून, सुट्टी असूनही, मामू थेट वर्कशॉपात आले. प्रोग्राम आजेसासूच्या काळातला, म्हणून तिलाच पेनड्राइव्हवर बसवून आणलं होतं. किल्ल्या तिच्याकडे दिल्या आणि म्हातारीनं चकार शब्द न काढता प्रोग्राम कुटून दिला. मी हात जोडले. चालू केला, तर एक ओळ उमटली आणि सगळं बंद.

"मामू, राहू द्या. मी हेल्परच बरा."

"तू गप रे भाच्या. जा, चहा आण."

चहा घेऊन आलो तर मामू स्वतःच्याच कपाळावर थापट्या मारत होते. "दुनियेला शिकवलं आणि मीच विसरलो! जेवण म्हातारीच्या हातचं आणि ताट-वाट्या सुनेच्या घडणीच्या. जमणार कसं?" म्हणजे प्रोग्राम जुन्या कंपायलरने घडवला, पण तो ज्या आधाराच्या फायलींवर उभा राहतो त्या नव्याने घडवलेल्या, दोघांचे सांधे जुळेनात. मग त्या ताट-वाट्याही म्हातारीकडूनच घडवून घेतल्या. तिसऱ्या प्रहरची, असरची अजान होऊन गेली, आणि पडद्यावर 'पेटव' उमटलं. मी दाबलं. ज्योत निळी झाली.

"रडतोस काय? यल्ला, चल, प्लेट काप," मामू म्हणाले.

मामू आता कायमचे दापोलीला गेलेत. तिथे मधेच वीज जाते, कुटणं अर्ध्यावर राहतं, पण नव्या सुना आणणं सुटलेलं नाही, असं मामी तक्रारीच्या सुरात सांगतात. माझा इकामा ऑपरेटर म्हणूनच रिन्यू होतोय. अधूनमधून मामूंचा फोन येतो. पगार, तब्येत असलं काही विचारत नाहीत.

"मशीन चालतंय?"

"चालतंय, मामू."

"मग कशालाही हात लावू नकोस."

तिकडून कोंबडा आरवल्याचा आवाज येतो, इकडे कटरची घरघर. ते ऐकत असतात, मीही ऐकत असतो, आणि फोन आधी कोणीच ठेवत नाही.