पोतंभर थर्माकोल गेलं कुठं?

माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, हे आधीच सांगते. खरं बोलणाऱ्या बाईला आमच्याकडं तोंडाळ म्हणतात! दौंड स्टेशनामागच्या शेडात माझं काम एवढंच: मशिनींच्या खोक्यातलं पांढरं थर्माकोल थिनरच्या ड्रममध्ये विरघळवायचं. त्याचा चिकट चीक व्हायचा. तो तापवून, वाफ गार करून थिनर परत धरायचं आणि खाली राहिलेला गोळा पुण्याला बटणांच्या कारखान्यात जायचा. काम सोपं, पण किस्से इतके साठलेत की सांगता सांगता चहा निवतो.

*

मारियाबाई माझी जोडीदारीण, शिरूरच्या मिशनातली. नाताळाला तिनं थर्माकोलची चांदणी केली आणि चमक यावी म्हणून वरून ड्रममधला चीक फासला. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "चांदणी कुठाय?"

"सायेब, खाली ठिपकतीय!"

*

मालक आप्पा पूर्वीचे गुऱ्हाळवाले. काहिलीभर रसाचा गूळ किती, हे त्यांना डोळे झाकून ठाऊक. इथंही तोच अंदाज!

"कोंडाबाई, धा पोती टाकली आन् घमेलंभरच माल? बाकीचं घरी नेलं व्हय?"

"आप्पा, जवळजवळ समदी हवाच हुती त्यात. फुस्स करून जाती."

"हवा पोत्यात भरून कोण इकतं गं?"

शेडभर हसू. मला सोडून.

*

मग रोज सुटताना फाटकावर माझी झडती. एकदा मी भाकरीचं फडकंच वॉचमनच्या नाकाला लावलं. "हुंग! थर्माकोल न्हाई, ठेचा हाय!"

तो शिंकत बसला. पण नोकरी जायची धास्ती होतीच. घरात कमावती मी एकटी, आणि आप्पांनी बजावलं होतं, "शनिवारपतूर गेलेला माल दाखव, न्हाईतर सोमवारी येऊ नको."

*

शनिवार उजाडला. आप्पा परत धरलेलं थिनर गिऱ्हाइकाला दाखवायला शिरूरला निघाले. उन्हात उडू नये म्हणून थिनर बर्फ ठेवायच्या थर्माकोलच्या पेटीत भरून जीपमध्ये ठेवलेलं. आप्पा फेटा बांधून आले, पेटी उचलायला गेले, तर हातात नुसतं झाकण! सीट चिकट, थिनर भुईवर.

"कोंडे! पेटी कुठं गेली? घ्या रे झडती!"

मी दोन्ही हात वर केले. "घ्या की! आख्खी पेटी वटीत मावती का बघा!"

आप्पांची म्हातारी आई जीपमध्ये पुढं बसलेली. ती झाकणाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आरं, बाईच्या मागं काय लागलाय? त्यात थिनर वतलं कुणी?"

माझा जीव भांड्यात पडला. वॉचमननं हळूच सांगितलं,

"आप्पांनी."