मेसचं राज्य आणि कपाटाचं दार

मी जेमतेम चौथीपर्यंत गेलो. युरोपचा इतिहास शिकलो तो पुढे, पन्नाशी उलटल्यावर, ओमानात मासे साफ करता करता. त्या काळात मी स्वतःही एका राज्यावर होतो. लहान होतं, पण राज्य होतं, आणि ते माझ्या हातून जायची वेळ आली होती.

अल खौदला आमची मेस होती. जुना व्हिला, एकेका खोलीत दोघं-तिघं, सगळी आपली मराठी माणसं, बायकामुलं गावी. मी सुतार, फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये. वयानं मोठा म्हणून सगळे मला काका म्हणत. माझ्याच वसईचा एकजण हॉटेलच्या बेकरीत होता. एक मालवणचा इलेक्ट्रिशियन. आणि एक पुण्याचा मास्तर, इंडियन स्कूलमध्ये इतिहास शिकवणारा. बाकीचे जे होते ते ज्याच्या हातात पळी त्याच्या बाजूचे.

मी राहायला आलो तेव्हा स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या आणि रोजच्या लढाया. मालवण्याच्या पाळीला चहा सोडून सगळ्यात खोबरं. मास्तरच्या पाळीला आमटीत गूळ. बेकरीवाल्याच्या पाळीला उकडलेली अंडी आणि पाव, कारण तो दिवसभर भट्टीसमोर उभा राहून कंटाळलेला असायचा. एकदा त्या गुळावरून असं पेटलं की तिघांनी आपापल्या खोलीत स्टोव्ह आणून ठेवले. फ्रिजचा एकेक कप्पा एकेकाचा झाला. दुसऱ्याच्या कप्प्यातली मिरची उचलली तरी आईबाप निघायचे.

मी अर्बाबला, म्हणजे आमच्या मालकाला, विचारून वर्कशॉपमधलं उरलेलं प्लाय आणलं आणि स्वयंपाकघरात भिंतभर कपाट बांधलं. सगळ्यांचा तांदूळ, डाळ, तेल, मसाला त्यात. एक मोठं दार, त्याला एक कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. मग खोल्यांतले स्टोव्ह गोळा केले. म्हटलं, आग लागली तर घरमालक सगळ्यांना रस्त्यावर काढेल. उद्यापासून रांधणार मी, रोज. वाटलं होतं आरडाओरडा होईल. कोणी हूं की चूं केलं नाही.

मास्तर संध्याकाळी ओट्याजवळ स्टुलावर येऊन बसायचा. शाळेत धडा इंग्रजीत सांगायचा आणि मुलं इंग्रजीतच गप्प बसायची, म्हणून उद्याचा धडा तो आधी मला मराठीत सांगून बघायचा. मी सुरमईची खवलं काढत ऐकायचो. एकदा मध्येच थांबला आणि म्हणाला, "काका, तुम्ही हे जे केलंत ना, ते तिकडच्या राजांनी केलंय."

"काय केलं? कपाट?"

"तसंच काहीसं. आधी प्रत्येक सरदाराचा आपला किल्ला, आपली फौज. देव एकच, पण त्याला कसं भजायचं यावरून कापाकापी. लोक इतके दमले की म्हणाले, कोणीतरी एकानं सांभाळा बाबा. मग राजानं तोफा आपल्याकडे घेतल्या, कर आपल्याकडे घेतले, सरदारांच्या किल्ल्यांच्या भिंती पाडल्या आणि जिकडे तिकडे आपली माणसं नेमली."

"म्हणजे स्टोव्ह गोळा केले."

"स्टोव्ह गोळा केले," मास्तर म्हणाला.

मला बरं वाटलं. आपण केलेली गोष्ट पुस्तकात आहे म्हटल्यावर कोणालाही बरं वाटेल. त्या दिवसापासून मी रोज विचारू लागलो, आज काय, राजे पुढे काय करतात? ज्या देशात आपण पोट भरतो तिथल्या राज्यकारभारावर आमच्या मेसमध्ये कोणी बोलत नसे, ती रीतच होती. पण युरोपचे ते राजे मरून गेलेले. त्यांना काहीही बोलावं.

मला सगळ्यांत आवडला तो फ्रान्सचा. त्यानं एवढा मोठा वाडा बांधला की सगळे सरदार तिथंच राहायला आणले. सकाळी हा अंथरुणातून उठणार तर सरदार खोलीत हजर. एक सदरा देणार, एक मेणबत्ती धरणार. मेणबत्ती धरायला मिळावी म्हणून आपसात चढाओढ.

"आणि त्यांच्या गावाकडे कोण बघायचं?" मी विचारलं.

"तिथं राजाची माणसं. हे मेणबत्तीत गुंतलेले. तोच तर डाव."

मी दुसऱ्याच दिवशी मानपान वाटले. नारळ खवायचा तो फक्त मालवण्यानं. पाव कापायचा बेकरीवाल्यानं. आमटीची पहिली चव मास्तरनं बघायची. हसू नका, चाललं. मालवण्याची ड्यूटी लांबली म्हणून एकानं नारळ खवला, तर मालवणी त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही. एवढा मोठा बाप्या माणूस. मी मनात म्हटलं, तो फ्रान्सवाला उगाच राजा नव्हता.

मास्तर पुढचंही सांगायचा. त्याच राजानं आपल्यापेक्षा वेगळ्या पंथाच्या लोकांना जगणं मुश्किल केलं. चांगले कारागीर होते ते, देश सोडून गेले, आणि जिथं गेले तिथली भरभराट झाली. हे सांगताना तो माझ्याकडे फार बघत होता. मी तेव्हा गूळ बंद केला होता.

"आणि इंग्लंडात तर राजाचं डोकंच उडवलं," तो म्हणाला.

"का?"

"देवानं मला नेमलंय, मी कोणाला विचारणार नाही, असं म्हणायचा."

"रांधता येत नसेल त्याला," मी म्हटलं.

मग माझी सुट्टी आली. दोन वर्षांनी एकदा मिळायची, ती सोडून चालत नाही. पण जाताना जीव अडकला होता तो किल्लीत. राज्य कोणाच्या हवाली करावं? मालवण्याला दिली तर खोबऱ्याचा पूर येणार. शेवटी मास्तरला दिली. म्हटलं, मी आलो की जशीच्या तशी परत पाहिजे. तो म्हणाला, "इन्शाल्ला." देवाची मर्जी असेल तर, म्हणजे इकडच्या भाषेत, बघू. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

वसईहून परत आलो ते बायकोनं कुटलेला मसाला आणि सुके बोंबील घेऊन. शुक्रवार, म्हणजे सुट्टीचा दिवस, सगळे घरी. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि बघतो तर कपाटाला दार नाही. बिजागऱ्या नीट स्क्रू काढून सोडवलेल्या, फळीला चरा नाही, कामात खोट नव्हती. इलेक्ट्रिशियनचा हात. दार होतं हॉलमध्ये, तेलाच्या दोन डब्यांवर आडवं. त्याभोवती मंडळी बसून जेवत होती. कुलूप पाण्याच्या तांब्याशेजारी पडलेलं.

"या काका," मालवणी म्हणाला. "जेवूक बसा."

"दार कोणी काढलं?"

 मास्तरनं हातातला घास खाली ठेवला. "सगळ्यांनी ठरवून काढलं, काका. रांधायचं तुम्हीच. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही, हे आम्हाला या दिवसांत कळलंय. पण कुलूप नको. आणि शुक्रवारी काय रांधायचं ते सगळे मिळून ठरवणार."

"माका एक सांगा," मालवणी म्हणाला, "नारळाक कुलूप कित्याक व्हया?"

"अटी घालता मला?"

"इंग्लंडात तेच केलं," मास्तर म्हणाला. "राजा बाहेरून आणला, मान दिला, पण अटी घालून. त्यानंतर तिथं कुठल्या राजाचं डोकं उडालं नाही."

"तो बाहेरचा होता. मी ह्याच घरातला आहे," मी म्हटलं, बोंबील ओट्यावर ठेवले आणि बाहेर पडलो.

मी बाहेर जेवू लागलो. कोपऱ्यावरच्या केरळी हॉटेलात परोठा आणि मटणाचा रस्सा. चार लोकांत मान खाली घालणं माझ्या रक्तात नाही. संध्याकाळी खोलीत पडलो की हॉलमधला आवाज यायचा. उद्या काय करायचं यावर एवढी चर्चा की आजचं जेवण गार. बेकरीवाला म्हणायचा, मतं घ्या. मतं घेतली की बरोबरीत सुटायची. ऐकून मला समाधान व्हायचं. पण माझे बोंबील कोणीतरी करपवून टाकले, तो वास आला, आणि ते समाधान गेलं.

दुसरी गोष्ट त्या टेबलाची. तेलाचे डबे कमीजास्त उंचीचे, त्यामुळे कोणी कोपर टेकलं की सगळी ताटं एका बाजूला. रोज कट कट कट आवाज. भिंतीपलीकडून मी ऐकायचो. दार माझ्या हातचं होतं. माझ्या हातची वस्तू आयुष्यात कधी डुगडुगली नव्हती. ही माणसं माझं नाव घालवत होती.

पुढच्या शुक्रवारी मी वर्कशॉपमधून सागवानाचे चार पाय घेऊन आलो. हॉलमध्ये सगळे होते, हातानंच खूण करून ताटं उचलायला लावली. दार उलटं केलं, खुणा केल्या, पाय बसवले. कुलपासाठी पाडलेलं भोक होतं, त्यात लाकडाचा तुकडा बसवून घासून सपाट केलं. मास्तर माझ्याकडे बघत होता. तो तुकडा बसला म्हणजे ते दार पुन्हा कधी दार होणार नाही, हे त्यालाही कळलं.

"म्हणजे अटी मान्य?" त्यानं हळूच विचारलं.

"टेबल डुगडुगत होतं," मी म्हटलं.

टेबल सुलटं केलं. मालवण्यानं दोन्ही कोपरं टेकून बघितली, मग त्यावर बसूनच बघितलं. हललं नाही. बेकरीवाल्यानं पाव आणला, आणि सुरी माझ्यापुढे धरली.

"ते तुझं काम," मी म्हटलं.

त्या शुक्रवारी मतं मास्तरच्या आमटीला पडली होती. आमटीत गूळ होता, आणि तोही सढळ हातानं. मी दोनदा वाढून घेतली. मीठ कमी होतं, ते मात्र सांगितलं.