मुकुंदवाडीच्या बुडव्यांबरोबर पैठणला

जानेवारीतल्या एका रविवारी मी पैठणजवळ धरणाच्या पाण्यावर जाऊन आलो. मुकुंदवाडीतून बाईकवर आरामात दीड तास लागतो, टाकीत दोनशेचं पेट्रोल पुरतं. बाकीचे लोक तिथं पक्षी बघायला आणि मासे खायला जातात. मी सॅकमध्ये टॉवेल आणि इस्त्रीचे पांढरे कपडे कोंबून निघालो होतो, कारण मला ख्रिस्ती व्हायचं होतं. तेही त्याच दिवशी, जेवणाच्या आधी.

कारण सुवार्ता. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी एका सरांशी भांडून मधेच कॉलेज सोडलं आणि शहागंजात दादाच्या मोबाईलच्या दुकानात बसायला लागलो. ती शिकली, आता शाळेत शिकवते. तिच्या घरचे मुकुंदवाडीतल्या एका छोट्या बॅप्टिस्ट मंडळीचे, म्हणजे चर्चचे, आम्ही बौद्ध. त्या रविवारच्या महिनाभर आधी मी तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "सांगते." मग शुक्रवारी फोनवर म्हणाली, "रविवारी आमच्याकडं बाप्तिस्मा आहे, पैठणला. बघायला ये." मी 'बघायला' हा शब्द सोडून बाकी सगळं ऐकलं. धर्माचीच अडचण असणार, ती आपणच उडवून टाकू, मग तिचे पप्पा कशाला नाही म्हणतील, असं मी धरून चाललो.

मंडळी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये, मी मागून बाईकवर. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. चितेगावच्या पुढं कंपन्यांचे ट्रक एकदा रस्त्यावर आले की धूळ खात जावं लागतं. बिडकीनला सगळे चहाला थांबलो, सुवार्ता तेवढी गाडीतच बसून राहिली. चहा पाणचट आहे, पण भजी घ्या, कांदा हात सैल सोडून घालतात.

गाडीला पुढं मंडळीच्या नावाचा कापडी बॅनर बांधला होता. मी त्यांच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, सहज विचारलं, "हे बॅप्टिस्ट म्हणजे काय? नुसतं ख्रिस्ती का नाही लिहीत?"

उत्तर मार्थामावशीनं दिलं. मंडळीत सगळ्यांत मोठ्यानं हसणारी बाई हीच. "बॅप्टिस्ट म्हंजी बुडवे, बाळा. पाण्यात पुरता बुडवल्याबिगर आमच्यात घेत नायत. शहागंजात एका दुकानदाराला मी हे नीट समजावून सांगितलं. तवापासून तो मला उधार देत नाय."

सगळे हसले. पाळक म्हणाले, "नाव तर चिडवायलाच ठेवलं होतं लोकांनी, तिकडं परदेशात. आपल्या माणसांनी ते अंगावर घेतलं. आमच्यात तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. त्याला विचारता येत नाही ना. ज्यानं त्यानं मोठं झाल्यावर आपल्या तोंडानं मागायचा. आणि वर कुणी बिशप नाही. मला पाळक म्हणून ठेवलंय तेसुद्धा यांनीच, हात वर करून."

"अन् हात वर करूनच काढता बी येतं," मावशी म्हणाली.

एवढं ऐकून थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "मग आज मलाही बुडवा. कपडे आणलेत."

"पवता येतं का आधी?" मावशी.

पाळक हसले नाहीत. "कशासाठी?"

"सुवार्तासाठी."

तिचे पप्पा, योहानकाका, समोरच बसले होते. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"तू लेकरू नाहीस," पाळक म्हणाले, "पण उत्तर तुझं नाही, तिचं आहे. असा बाप्तिस्मा मी देऊ शकत नाही."

माझं डोकं फिरलं. "माझ्या आजोबांनी भर मैदानात दीक्षा घेतली. त्यांना कुणी विचारलं नाही, कशासाठी म्हणून!"

योहानकाका पहिल्यांदा बोलले. "कुणासाठी घेतली त्यांनी?"

"स्वतःसाठी."

"मग तुला ठावं हाय की."

मी तरी थांबलो नाही. "आणि सुवार्ताला कोणी विचारलं? ती तर जन्मापासून तुमच्यातच!"

"तिनं अजून घेतलेला नाय," काका म्हणाले. "आज घेतीय. लई वर्षं वाट बघितली. घे म्हणलो नाय कधी."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी कधी विचारलंच नव्हतं.

पैठणच्या अलीकडं उजव्या हाताला कच्चा रस्ता फुटतो, तो पाण्यापर्यंत जातो. सावली नाही, टोपी न्या. थंडीत लांब पाण्यावर पक्षी दिसतात. मंडळी काठावर गाणं म्हणत उभी राहिली. सुवार्ता पांढऱ्या ड्रेसमध्ये कमरेइतक्या पाण्यात गेली.

"कुणाच्या सांगण्यावरून आलीस?" पाळकांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही."

त्यांनी तिला मागं झुकवलं. क्षणभर ती दिसलीच नाही. मग वर आली, खोकत, हसत. काका चष्मा पुसत बसले.

जेवण मंडळीचंच होतं. भाकरी आणि वांग्याची भाजी, मलाही वाढली. मी काकांच्या शेजारी जाऊन बसलो. "तुम्ही तिला सांगाल का, माझ्याबद्दल?"

"पाण्यात उतर म्हणून सांगितलं नाय तिला," ते म्हणाले. "आता तुझ्यासाठी सांगू व्हय? नको म्हणून बी सांगणार नाय. जा, विचार तिलाच."

भांडायला आलेल्या माणसाला समोर कोणी भांडायलाच मिळेना.

ती टॉवेल गुंडाळून गाडीच्या आडोशाला उन्हात उभी होती. केसांतून पाणी गळत होतं.

"मावशीनं सांगितलं बिडकीनचं," ती म्हणाली. "राहुल, तू कॉलेज सोडलंस एका दुपारी. धर्म बदलायला निघालास दोन दिवसांत. मला सोडायला किती वेळ लागेल?"

"तुला नाही सोडणार."

"मला खरं नाही वाटत. माझं उत्तर 'नाही' असं आहे. पप्पांचं नव्हे, माझं."

तिला थंडी वाजत होती. मी माझा कोरडा टॉवेल पुढं केला, तो तिनं घेतला आणि केस पुसून परत दिला.

येताना मी टेम्पोच्या पुढं निघून आलो. बिडकीनला थांबलो नाही. मंडळीचा राग करावा तर त्यांनी मला जेवू घातलं होतं. काकांचा करावा तर ते मधे आलेच नव्हते. मला मिळालं ते तिचं स्वतःचं उत्तर होतं, आणि ते बदलून घ्यायला जावं असं वर कुणी त्या मंडळीत नाही.

घरी दादा हिशेबाला बसला होता. "कुठं होता दिवसभर?"

"बुडव्यांबरोबर, पैठणला."

"आयला! कितीला बुडवलं तुला?"

मी सॅकमधून पांढरे कपडे काढले. इस्त्रीची घडी तशीच होती.

"मला नाही बुडवलं," मी म्हणालो.