खांडबाऱ्याजवळची पोटखराब जमीन

फुकट चहा पाजणाऱ्या माणसावर मी कधी विश्वास ठेवत नाही, आणि जमिनीच्या एजंटने तर पहिल्याच फोनवर चहा-जेवण दोन्ही देऊ केलं होतं. पण सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, निवृत्तीनंतर डोंगराजवळ घर हवं आहे. म्हणून मार्चअखेर आम्ही नाशिकहून निघालो.

सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर, दहिवेल असा रस्ता घ्या. पुढे कोंडाईबारी घाटात ट्रकवाल्यांशी शर्यत लावू नका. विसरवाडीला शेवभाजी-भाकरी खाल्ली. दोघांचं तीनशेच्या आत भागलं. शेव मात्र डोळ्यांतून पाणी काढेल अशी झणझणीत. मुक्काम नवापूरला केला. लॉज साधी आहे, चादर तपासून घ्या. मी तपासली.

सकाळी एजंट खांडबारा स्टेशनाबाहेर भेटला. "ताई, काई टेन्शन लेवू नका, सगळं क्लीअर शे." क्लीअर हा शब्द ऐकला की मला दाट धुकं दिसतं. आदिवासींची जमीन आम्हाला सहजी घेता येत नाही, म्हणून मालक बिगर-आदिवासी आहे, हे मी आधीच तपासलं होतं. सरकारी विकास आराखड्यात सगळा भाग शेती विभागात. सातबाऱ्यावर ओढ्याकडचा तुकडा पोटखराब, म्हणजे पिकाच्या कामाचा नसलेला. "त्या तुकडावर काहीच नही, पडीक शे. तठेच घर बांधा," एजंट म्हणाला.

पडीक जागेवर मोहाची सात-आठ जुनी झाडं उभी होती, आणि प्रत्येकाखाली जळलेल्या पाल्याचं काळं, झाडून लख्ख केलेलं रिंगण होतं. माझं डोकं लगेच चाललं. आग लावून झाडं मारायची, मग जागा मोकळी म्हणून विकायची! सुहासच्या कानात मी तसं पुटपुटलेही.

तेवढ्यात एक बाई टोपली घेऊन आली आणि आम्हाला पाहून तिने टोपली पदराआड घेतली.

"मोह येचाले उनात का?" आम्ही मोहाची फुलं वेचायला आलो की काय, म्हणून तिने दरडावून विचारलं. घरी कोकणी, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलणारी माणसं ही. आमच्यासाठी तिने बाजारातली अहिराणी काढली होती.

"नाही हो. ही आग कुणी लावली?"

"आम्हीच. पाला जाळा नही, तर फूल दिखी का?"

बरोबर, पिवळट फुलं त्या काळ्या जमिनीवर लांबूनही दिसत होती. चोरी पकडण्याची माझी हौस तिथेच विझली. पण शंका संपली नव्हती.

"झाडं कुणाची?"

"हाई मन्ही सासूनं. ते पलीकडलं मन्ही जावनं."

"आणि जमीन?"

"जमीन सेठनी. झाड आमनं." एवढं सांगून ती वेचायला बसली.

दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल इथे कुणी उचलत नाही म्हणे. सातबाऱ्यावर मात्र यातलं काही नाही. मला वाटलं, एजंटनेच तिला बसवलं असेल. उद्या हिला उठवायचे वेगळे पैसे मागेल. एजंट हसला, "त्यास्नं काय मनवर लेतस, ताई!"

परतीच्या रस्त्यात कोंडाईबारी उतरल्यावर सुहास म्हणाला, "तिच्या सासूच्या झाडाखाली खुर्ची टाकून मला चहा गोड लागणार नाही." पंचवीस वर्षांत मला तो इतका आवडला नव्हता.

घरी आल्यावर मीच एजंटला नकार कळवला. कारणही मोठ्या तोऱ्यात सांगितलं: झाडं दुसऱ्यांची आहेत.

तो जराही रागावला नाही. "बरं जायं ताई, ध्यानमा आनी दिधं. आते पुढली पार्टी येवाना आगोदर त्या मोहच तोडी टाकसू."

त्याने फोन ठेवला. मी पुन्हा पुन्हा लावला, तो उचलत नाही. त्या बाईला तरी सावध करायला हवं, पण निरोप कुणाच्या नावाने धाडू? तिचं नाव मी विचारलंच नाही. मला ती एजंटचीच वाटली होती.