आठ मिनिटांच्या भरवशावर

एका सिनेमाची डिस्क निघावी म्हणून मी सोळा वर्षं वाट पाहिली. गेल्या वर्षी ती निघाली. निघाली नसती तर बरं झालं असतं असं अधूनमधून वाटतं, पण तेही खरं नाही. जे व्हायचं ते डिस्क निघायच्या आधीच होऊन गेलं होतं, फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

मी साताऱ्यात पाटबंधारे खात्यात कारकून होतो. मला नाद होता जुन्या परदेशी सिनेमांचा. नुसता बघण्याचा नाही, ते घरात असण्याचा. आधी कॅसेटी, मग डीव्हीडी, मग ब्ल्यू-रे. बेडरूममधलं लोखंडी कपाट भरलं तेव्हा बायकोने आपल्या साड्या दिवाणात हलवल्या आणि पुन्हा त्या कपाटाला हात लावला नाही. माझ्यासारखी माणसं जगभर आहेत. इंटरनेटवर त्यांचा एक गट होता. कुठला सिनेमा डिस्कवर कोण काढणार, निगेटिव्ह कुठल्या तळघरात सापडली, हक्क कुणाच्या वारसांकडे अडकलेत, यावर तिथे रोज पानंच्या पानं लिहिली जायची. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक जण यादी टाकायचा: यंदा हे निघावेत. माझ्या यादीत पहिला सिनेमा कायम तोच असायचा.

तो मी एकदाच पाहिला होता. सांगलीत, थोरल्या भावाच्या शेजारी बसून.

आमचं गाव रहिमतपूरजवळ. मी मामाकडे राहून सांगलीत कॉलेज करत होतो. दादा फौजेत भरती झालेला, ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आलेला, आणि पहिल्या पोस्टिंगला निघालेला. मिरजेहून त्याची गाडी होती, म्हणून आदल्या दिवशी तो मामाकडे मुक्कामाला आला. आला तो तोंड पाडूनच. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, थोरला मुलगा शेतात हवा होता. ते त्याला सोडायला रहिमतपूरच्या स्टेशनावरसुद्धा आले नव्हते.

त्या संध्याकाळी आमच्या फिल्म सोसायटीचा खेळ होता. एका शाळेचा हॉल, लाकडी खुर्च्या, मागे खडखडणारा प्रोजेक्टर. मी दादाला ओढून नेलं. मला मिरवायचं होतं, की बघ, तुझा भाऊ कसले सिनेमे बघतो.

काळा-पांढरा सिनेमा. नदीवरचा एक म्हातारा नावाडी आणि त्याचे दोन मुलगे. थोरला लढाईवर जातो आणि परत येत नाही, एवढीच गोष्ट. भाषा परकी, खाली इंग्रजी अक्षरं. दादाला इंग्रजी येत नव्हतं. तो माझ्या कानाशी वाकून विचारायचा, "काय म्हनला रं?" आणि मी कुजबुजत सांगायचो. माझं इंग्रजीही खेड्यातल्या शाळेतलं. अर्धं कळायचं, अर्धं निसटायचं. तरी मी थांबलो नाही.

थोरला मुलगा निघतो तो प्रसंग आला. धुकं, पांढरं पाणी, आणि त्या पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. काही म्हणता काही वाचता येईना. म्हातारा मुलाकडे न बघता एकच वाक्य बोलला. दादाने माझा दंड धरला. "काय म्हनला? काय म्हनला?"

कळलं नाही, एवढं म्हणायला काय झालं होतं? पण मी कॉलेजात शिकत होतो. मी म्हणालो, "म्हनतोय, तू माघारी येशील तवा मी आसंन न्हाईतर नसंन. पर होडी हितंच बांधल्याली आसंल, तुज्यासाठी."

दादाने दंड सोडला. मग सिनेमा संपेपर्यंत त्याने मला काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर तोंड फिरवून त्याने नाक शिंकरलं आणि एवढंच म्हणाला, "बाप आसा आसावा गड्या."

ते वाक्य त्याने नोकरीभर बाळगलं. सुट्टीवर आला की पारावर सांगायचा. पलटणीत कुणा पोराला घरून रागाचं पत्र आलं की त्यालाही सांगायचा. आणि दर वेळी शेवटी, "बाप आसा आसावा." आबा समोर बसलेले असले तरी. आबा उठून गोठ्याकडे जात. दोघांमधलं बोलणं कामापुरतं उरलं. आबा गेले तेव्हा दादा सीमेवर होता. बाराव्याला पोचला. रडला नाही.

मी काय केलं होतं ते मी पार विसरून गेलो होतो. खरंच विसरलो होतो. इतक्या वेळा दादाच्या तोंडून ऐकल्यावर मलाही ते म्हाताऱ्याचंच वाक्य वाटायला लागलं होतं.

दादा सुभेदार होऊन निवृत्त झाला, गावी ऊस आणि आलं करू लागला. माझ्या नादाची थट्टा करायचा, पण त्या एका सिनेमाचं विचारायचा. "कवा येनार रं तुजी ती तबकडी? मरायच्या आदी एकदा बघायचाय त्यो म्हातारा." मी म्हणायचो, "निघेल दादा. यंदा निघेल." यंदा म्हणता म्हणता एक परदेशी कंपनी बुडाली, दुसरीने जाहीर करून मागे घेतला, तिसरीने त्याच दिग्दर्शकाचे तीन सिनेमे काढले आणि नेमका हा वगळला.

सांगलीत माझे एक मित्र आहेत, रसायनशास्त्राचे निवृत्त सर. त्यांच्याकडे माझ्या तिप्पट साठा आहे. प्रत्येक डब्यात ओल धरू नये म्हणून ते पांढरी पुडी ठेवतात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी मला एक पेन ड्राइव्ह दिला. कुणीतरी टीव्हीवरून उतरवलेली त्या सिनेमाची नक्कल.

"बघू नका," सर म्हणाले. "चित्र धुरकट आहे आणि कडेने कापलंय. नुसतं ठेवा. खरी प्रत येईल तेव्हाच बघू."

मी घरी येऊन दुपारीच लावला. अक्षरं नव्याने, पिवळ्या रंगात घातलेली होती. धुक्याचा प्रसंग आला. म्हातारा बोलला. खाली आलं: दोर नीट बांध, मागच्या खेपेला सैल सोडलास.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. तीनदा लावलं. मग हळूहळू सगळं आठवलं, तो हॉल, ती पांढरी अक्षरं, दंडावरची पकड.

मी सरांना फोन केला. कारण सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "ही पूर्ण प्रत आहे का हो?"

"छे! बाहेर पाठवताना आठ मिनिटं कापली होती. पूर्ण निगेटिव्ह सापडलीय म्हणे. तीच काढणार आहेत."

आठ मिनिटं. पुढची चार वर्षं मी त्या आठ मिनिटांवर काढली. त्यांत म्हातारा आणखी काहीतरी बोलत असेल, होडीबद्दल, मुलाच्या परत येण्याबद्दल. साधारण तसलं असलं तरी चाललं असतं. गटावर बाकीचे लोक चित्राचा कस आणि आवाजाची शुद्धता यावर भांडत होते. मला एक वाक्य हवं होतं. आपल्याला न कळलेलं वाक्य आपण तेव्हा बरोबर सांगितलं असेल, अशी आशा धरायला किती निलाजरं व्हावं लागतं, ते मी तेव्हा शिकलो.

तीन वर्षांपूर्वी दादाचा गुडघा बदलला. ऑपरेशन साताऱ्यात झालं, म्हणून महिनाभर तो माझ्याकडे होता. सकाळ-संध्याकाळ वॉकर घेऊन पॅसेजमध्ये चालायचा, उरलेला दिवस दिवाणावर. एका दुपारी म्हणाला, "आता रिकामाच हाय. लाव की त्यो पिच्चर."

"नाही रे माझ्याकडे."

"येवडं कपाट भरलंय, आन् त्योच न्हाई?"

"त्याची चांगली प्रत निघायचीय दादा. दिवाळीपर्यंत येईल. धुरकट बघण्यात काय मजा?"

"मला धुरकट चालंल की. माजे डोळे तरी कुठं चांगलं ऱ्हायल्यात?"

मी प्रिंट आणि निगेटिव्ह यांवर बोलत सुटलो. रंगांच्या छटा, कापलेल्या कडा, मूळ लांबी. दादा माझ्याकडे बघत राहिला. पेन ड्राइव्ह त्याच्यापासून चार हातांवर, कपाटाच्या खणात होता. शेवटी तो म्हणाला, "बरं. दिवाळीला बघू." बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला तो सिनेमा लावताना पाहिलं होतं. त्या दिवसापासून दादाला चहा न्यायचं काम तिने माझ्यावर टाकलं नाही, स्वतःच नेऊ लागली.

दिवाळी गेली, दुसरीही गेली. गेल्या वर्षी डिस्क आली. सरांच्या भाचीने परदेशातून आणली. सरांनी साताऱ्याला स्वतः येऊन दिली, जाड पुठ्ठ्याचा डबा, सोबत पुस्तिका. "जिंकलो!" असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली. मी त्यांना जेवायलाही थांबवलं नाही.

चित्र इतकं स्वच्छ होतं की म्हाताऱ्याच्या हाताच्या शिरा मोजाव्यात. आठ मिनिटं होती. त्यात एक लग्न होतं. काठावर बायका फेर धरून नाचतात, धाकटा मुलगा दारू पिऊन पाण्यात पडतो, सगळे हसतात. म्हातारा त्यात नाहीच. धुक्याच्या प्रसंगात तो तेच म्हणाला, दोर नीट बांध.

दोन दिवसांनी मी डिस्क घेऊन गावी गेलो. ठरवलं होतं की आधी सांगायचं, मग दाखवायचं. दादा अंगणात आल्याचं बेणं निवडत बसला होता. मी खुर्ची ओढली आणि डबा पिशवीतून काढला. "दादा, आली."

त्याने हात न पुसताच डबा घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. "मी बघितला त्यो."

"कुठे?"

"नातीच्या मोबाइलवर. तुज्याकडनं गुडघा घेऊन आलो ना, त्याच महिन्यात. तिला म्हनलं, म्हातारा नावाडी, दोन पोरं, लढाई. आसा पिच्चर हाय का बघ. तिनं चहा उकळंस्तवर काढला."

मी सोळा वर्षं "यंदा निघेल" म्हणत होतो, आणि पोरीला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागला होता.

"तिनं समदं मराठीत सांगितलं," दादा म्हणाला. "इंग्रजी बेस हाय तिचं. त्या जागंवर मी तिला म्हनलं, आता बघ, काय बोलतोय. तर म्हनली, दोर नीट बांध म्हनतोय. मी म्हनलं, चुकलीस. परत लावाय लावलं. ती रडकुंडीला आली बिचारी."

मी म्हणालो, "दादा, तेव्हा मला अक्षरं दिसली नव्हती. कळलं नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून—"

"त्याचं न्हाई रं. तवा तू पोरगा व्हतास." तो बेण्याचे डोळे नखाने तपासत होता. "मी निगालो तवा आबा काय म्हनलं ठावं हाय? गोठ्याचं फाटक लावून जा. येवडंच. तोंड बी वर क्येलं न्हाई. आन् त्याच दिशी सांजंला तू मला तसला बाप दाखीवलास. होडी बांधून ठेवनारा. मी जल्मभर आबांवर राग धरला. त्येंच्या तोंडावर बोलायचो, बाप आसा आसावा. आन् त्यो बाप बी दोरच बांध म्हनत व्हता. आबांसारकाच व्हता."

मी डबा मांडीवर ठेवला.

"ते बी सोड. पर गुडघ्याच्या टायमाला तुला ठावं व्हतं. व्हय का न्हाई?"

"हो."

"महिनाभर तुज्या घरात पडून व्हतो. तवा तू साठीचा व्हतास. तवा का न्हाई सांगितलंस?"

मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, पूर्ण सिनेमात आठ मिनिटं जास्त आहेत असं कळलं होतं, त्यात कदाचित ते वाक्य असेल असं मला वाटलं. बोलतानाच ते किती पोरकट होतं ते माझ्या कानांना कळलं. दादाने पहिल्यांदा वर बघितलं.

"दोन वर्सं मी वाट बघितली," तो म्हणाला, "की तू येशील आन् सांगशील. तू तबकडीची वाट बघत बसलास."

वहिनीने चहा आणला. आम्ही तो प्यायलो. उसाला तोड कधी मिळणार वगैरे बोलणं झालं. नात कॉलेजातून आली, माझ्या पाया पडली, डबा बघून "भारी दिसतोय, आजोबा" म्हणाली. मी तो तिला देऊन टाकला. त्यांच्या घरात डिस्क लावायला यंत्रच नाही, हे मला एसटीत बसल्यावर सुचलं.

नंतर मी गटावर लिहिणं बंद केलं. सरांना वाटतं मला डिस्क आवडली नाही. ते फोन करून नव्या घोषणा वाचून दाखवतात, मी हूं हूं करतो. बायकोने एकदा विचारलं, "झालं का भावाशी बोलणं?" मी झालं म्हणालो. "मग असं का तोंड?"

दादा भांडला नाही. सणावाराला बोलावतो, आल्याची पिशवी एसटीने पाठवतो, जमिनीच्या कागदांवर सह्या लागल्या की साताऱ्याला येऊन जातो. फक्त आता जेवून उठताना माझ्या बायकोला "येतो" म्हणतो आणि मग माझ्याकडे वळून म्हणतो, "बरं हाय, निगतो. तुमी बसा." धाकट्या भावाला "तुमी" म्हणतो तो. मी एकदा हसत म्हणालो, "दादा, मला तुम्ही कधीपासून?" तो चपला घालत होता. म्हणाला, "तुमी शिकल्यालं मानूस," आणि फाटकातून बाहेर पडला.