जांभळ्या साडीतला पांढरा केस

मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचं जपानी स्पिट्झ आमच्याकडं ठेवून गेली. पांढरंशुभ्र, मांजरापेक्षा जरा थोराड कुत्रं. जाताना बजावलं, "बाबा, त्याला एकटं ठेवायचं न्हाय. आणि केस अजिबात कापायचे न्हाईत. रोज विंचरायचे. ते केसच त्याला उन्हापासून राखत्यात." मी व्हय व्हय म्हटलं.

शहापुरात आमच्या पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत आम्ही नवरा-बायको. कुत्र्याला सारखं माणूस लागायचं. मागावर बसलो की ते पायाशी, चहाला उठलो की मागोमाग. दारात नवं कोणी आलं की भुंकून घर डोक्यावर घ्यायचं, आणि ओळख पटली की त्याच्याच पायांत लोळायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला केस गळायला लागले, पुंजकेच्या पुंजके. मी विंचरायचा कंटाळा केला. एका जांभळ्या साडीत पांढरा केस विणला गेला. साड्या घेणारा व्यापारी चार लोकांत म्हणाला, "अण्णा, ही नेसायची का पांघरायची?" सगळे हसले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात निपाणीजवळ मेव्हण्याच्या रानात धनगराची मेंढरं बसली होती, कातरणी चालली होती. कुत्र्याला गाडीत घालून तिकडं नेलं.

"अण्णा, ह्येचं घोंगडं बी व्हायचं न्हाय की वो!" धनगर हसत म्हणाला, आणि कातर चालवली. कुत्रं जागचं हललं नाही. नुसतं माझ्याकडं बघत राहिलं.

दोन दिवसांत त्याची उघडी कातडी उन्हानं लाल झाली. ते खाटेखाली शिरलं. माग सुरू झाला तरी येईना. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "केस येतील, पण पहिल्यासारखे येतील असं सांगत नाही." तेव्हापासून मला चैन नाही. माग थांबवून वाकतो, पाठीवर हात फिरवतो, लव आली का बघतो, परत बसतो, परत उठतो. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की म्हणायचं, झोपलंय. बायको नुसती बघायची.

परवा फोनमधला मुलीचा आवाज ऐकून कुत्रं आपणहून खाटेखालून बाहेर आलं. तिनं बघितलं.

"उन्हाळा लई होता गं," मी म्हणालो. "म्हटलं, त्याला गार वाटंल."

तिनं फोन डोळ्यांजवळ धरला. मग हळूच म्हणाली, "असू दे बाबा. तुमच्या ध्यानात न्हाय राहिलं."

ती रागावली असती तर मी निभावून नेलं असतं. "ध्यानात होतं," मी म्हणालो. "साडीत केस जात होते. लोक हसले. म्हणून कापले."

बायकोनं दुसरा मागही बंद केला.

"फोन खाली ठेवा, बाबा. त्याच्यासमोर," मुलगी म्हणाली.

मी फोन फरशीवर ठेवला. ती त्याच्याशी बोलत राहिली, माझ्याशी नाही. मी फणी शोधायला उठलो. मग आठवलं, विंचरायला काही उरलेलंच नाही.