भोईर बाई आणि एका रॅप अल्बमचं कव्हर

अंबरनाथच्या आमच्या शाळेत संगणक शिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात चित्रकलेच्या वर्गात डोकावलो. बाकांवर भाजीच्या गाडीवरचा तराजू, तुटकी छत्री, कुणाच्या बाबांचं हेल्मेट असं काय काय मांडलेलं. एका मुलाने मात्र डोंगरामागचा सूर्य काढायला घेतला होता. शैलजा भोईर बाई त्याला म्हणाल्या, "आज सूर्याला सुट्टी, बाबा. तू घरून काय आणलंस?" त्याने दप्तरातून कुलूप काढलं. "अरे, मग घराला काय लावून आलास?" वर्गाबरोबर मीही दारात उभा राहून हसलो. बाईंशी माझी ओळख झाली ती अशी.

बाईंच्या साठीनिमित्त विद्यार्थ्यांनी हा अंक काढला आहे. गौरव करताना माणूस नकळत गोड करून सांगतो. म्हणून जिथे मी स्वतः हजर होतो, तेवढंच लिहितो.

माझे वडील आजारी होते तेव्हा बाई रोज डबा पाठवत. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "झाकण हरवू नका, तेवढं पुरे." त्यांच्या मायेची रीत ही अशीच आहे.

पण मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो एका कव्हरचा. उल्हासनगरच्या कॅम्प चार या वस्तीतली आमची विद्यार्थिनी रेश्मा रॅप करते. तिच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरसाठी कुणीतरी फोटो काढून दिला होता: गळ्यात जाड चेन, मागे भाड्याची गाडी, आणि चेहरा दोन छटा गोरा केलेला. बाईंनी तो पाहिला आणि विचारलं, "ही कोण?"

"बाई, हिप-हॉपमध्ये असंच चालतं!" रेश्मा म्हणाली.

"चालत असेल. आधी गाणी ऐकव."

बाईंनी सगळी गाणी ऐकली. मग त्या रेश्माच्या घरी गेल्या. तिची आई सुनीताताई जीन्सचे सुटे धागे कापण्याचं काम घरी आणतात. अर्धी गाणी त्यांच्या त्या खोलीतल्या आयुष्यावरच होती. बाईंनी परत येऊन ते धागे कापणारे हात काढले, आणि मी संगणकावर कव्हर जुळवलं. इतकं सुंदर चित्र बाईंनी दुसरं काढलेलं मी पाहिलेलं नाही.

ते दाखवायला आम्ही गेलो. सुनीताताईंनी पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "अख्ख्या कॅम्पला कशाला दाखवताय, मी धागे कापते म्हणून? पोरीचं नाव होऊ दे, माझं हसं कशाला?"

बाई लगेच म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुमचे हात मी तुम्हाला न विचारता काढले." आणि चित्र गुंडाळलं.

जिना उतरताना मी कुरकुरलो, "बाई, समजावलं तर त्या ऐकतील."

"ऐकतील हो, सर. शाळेच्या बाई सांगतायत म्हटल्यावर ऐकतीलच. म्हणूनच नाही समजवायचं."

रेश्मा चिडली. "आता काय, कोरं कव्हर लावू?"

"लागलं तर कोरं लावू," बाई म्हणाल्या. अल्बम पुढे ढकलला गेला. बाईंचा हा हट्ट एका पोरीच्या संधीच्या मुळावर उठतोय की काय, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

मग एका रविवारी सुनीताताई रेश्माला घेऊन बाईंच्या बदलापूरच्या घरी आल्या. हातात जीन्सच्या कातरणांची पिशवी होती. "माझे हात नकोत. यातनं हिचं तोंड करा."

मीही तिथे होतो. बाईंनी तुकडे जमिनीवर पसरले आणि गालासाठी फिकट निळा उचलला. सुनीताताईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "फिका नको. हा गडद घ्या. माझी पोर सावळी आहे."

रेश्मा आईला खेटून बसली आणि गडद तुकडे वेचून द्यायला लागली.

आज तोच गडद निळा चेहरा कव्हरवर आहे. चिकटवून झाल्यावर बाईंनी विचारलं होतं, "ताई, कव्हर केलं म्हणून तुमचं नाव टाकू?"

सुनीताताईंनी थोडा विचार केला. "टाका. पण पूर्ण टाका, आडनावासकट."

ते तसंच छापलं आहे. त्याच्या खाली, लहान अक्षरांत, बाईंचं.

बाईंचे गुडघे जिने चढत राहोत, नजर शाबूत राहो. आपलं सर्वांत चांगलं चित्र गुंडाळून ठेवू शकणारं हे माणूस आम्हाला आणखी पुष्कळ वर्षं, ठणठणीत, लाभो.